त्याची सकाळ कशी जाते?

पत्र: मी वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बालरोग विभागाच्या पोस्टिंगमध्ये मला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याचा जनुकीय आजार) असलेल्या नऊ वर्षांच्या मुलाची केस मिळाली. रात्र जागून तयारी केली. डिस्ट्रोफिन हे स्नायूंतलं प्रथिन, मांड्यांवर हात टेकत उठण्याची गॉवर्सची खूण, रक्तातलं सीके हे स्नायूंचं एंझाइम, सगळं बिनचूक सांगितलं. मॅडमनी एवढंच विचारलं, "त्याची सकाळ कशी जाते?" मला एक वाक्यही बोलता आलं नाही. त्याची आई मग दहा मिनिटं सांगत होती आणि मी मान खाली घालून ऐकत होते. संपूर्ण माणसाची काळजी घ्या असं सगळे म्हणतात, पण ती घ्यायची कशी हे कुणी शिकवत नाही. आणि असे हजारो दुर्मिळ आजार आहेत. प्रत्येक वेळी घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. मग माझा उपयोग काय?
– अंतिम वर्षाची विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

मॅडमनी तो प्रश्न मायेपोटी विचारला असं तुला वाटलं असेल, पण तो तपासणीचाच भाग होता. ड्यूशेनमध्ये श्वासाचे स्नायू थकू लागले की त्याची पहिली चाहूल रात्री लागते. झोपेत श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि सकाळी मूल डोकं धरून उठतं, नाश्ता नको म्हणतं, वर्गात पेंगतं. दम लागतो अशी तक्रार ते करत नाही, कारण दम लागण्याइतकी हालचालच उरलेली नसते. मूल चालतं आहे तोवर हे सहसा दिसत नाही. चालणं सुटलं की दर भेटीत विचारावं लागतं. नऊ वर्षांच्या मुलाची सकाळ वेगळं काही सांगते: अंथरुणातून उठायला किती वेळ लागतो, मोजे कोण घालतं, स्टिरॉइडची गोळी कोण देतं, आणि तीन महिन्यांपूर्वी हे सगळं कसं होतं. हे सगळं हिस्ट्रीतच मोडतं. आपण ती अर्ध्यावर सोडतो, एवढंच.

अमेरिकी डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ साली शरीर, मन आणि समाज एकत्र धरणारी मांडणी केली. परीक्षेत ती सगळेच लिहितात. वॉर्डात वापरायची तर हातात काहीतरी साधन हवं. आमच्या मते सुरुवातीला एक कोरा कागद आणि चोवीस तास पुरेत.

कागदावर उभे तीन रकाने आख: काय झालं, कुणी केलं, किती वेळ लागला. डाव्या कडेला रात्री बारापासून पुढच्या बारापर्यंतचे तास लिही. मग आईला किंवा जो सांभाळतो त्याला विचार, "काल काय काय झालं ते सांगा." इथे 'काल' हा शब्द सोडू नकोस. 'रोज काय करता' असं विचारलं की माणसं डॉक्टरांना आवडेल असा दिवस सांगतात: व्यायाम दोनदा, औषधं वेळेवर, झोप छान. 'काल' विचारलं की कळतं, व्यायाम राहिला कारण धाकटीला ताप होता आणि गोळी दुपारी दोनला दिली. काल सुट्टी असेल किंवा काही विशेष घडलं असेल, तर परवाचा दिवस घे. अर्धा तास लागतो. घाई असेल तर फक्त बदलाच्या जागा विचार: उठणं, शौचाला जाणं, आंघोळ, जिना, शाळा, जेवण, झोप. अडचणी तिथेच साठलेल्या असतात.

ड्यूशेनमध्ये या कागदावर काय उमटतं बघ. 'रात्री दोन आणि पाच, कूस वळवली, आई.' मुलाला स्वतःला वळता येईनासं झालं आहे, म्हणजे ताकद कमी झाली. आणि आईची झोप रोज दोनदा मोडते आहे. मागच्या भेटीत एकदा मोडत होती आणि आता दोनदा असेल, तर ही नोंद इको (हृदयाची सोनोग्राफी) किंवा फुप्फुसांच्या चाचणीइतकीच फाइलमध्ये हवी. किंवा, 'सकाळी आठ ते दुपारी तीन, पाणी नाही.' बाटली भरलेलीच परत येते. विचारलंस तर मूल सांगेल की शाळेत लघवीला उचलून न्यावं लागतं आणि त्याला ते नको असतं. बद्धकोष्ठता, मुतखडा, दुपारची डोकेदुखी यांचं मूळ तिथे सापडू शकतं. रेचक लिहून देऊन ते सुटत नाही. शाळेत कुणी, कुठे, कसं न्यायचं हे ठरवावं लागतं. तसंच पाठीचं. स्टिरॉइड घेणारा मुलगा 'पाठ दुखते' म्हणाला की बसण्याच्या सवयीला दोष देऊन पुढे जाऊ नकोस. हाडं ठिसूळ झालेली असतात, मणका दबलेला असू शकतो, बाजूने काढलेला एक्स-रे हवा. आणि 'खूप हट्टी झालाय' या वाक्याशीही थांब. डिस्ट्रोफिन मेंदूतही असतं. या मुलांमध्ये लक्ष न लागणं, वाचनातल्या अडचणी, एकाच गोष्टीचा ध्यास हे जास्त आढळतं. त्यासाठी वेगळी तपासणी आणि मदत आहे. ओरडा खाऊन ते जात नाही.

दुसरी सवय हात लावण्याआधीची. प्रत्येक दुर्मिळ आजारात असा एखादा साधा स्पर्श असतो जो इतरांना चालतो आणि याला इजा करतो. म्हणून पहिला प्रश्न हा: "याला उचलायचं, धरायचं कसं? काय करू नको?" ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे जन्मतः हाडं ठिसूळ असण्याचा आजार असलेल्या तान्ह्या बाळाचं लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर उचलले तर मांडीचं हाड मोडू शकतं, नितंबांखाली पंजा पसरून उचलायचं, दुसरा हात खांदे-मानेखाली. काखेत धरून ओढायचं नाही. एपिडर्मोलिसिस बुलोसामध्ये, म्हणजे जरा घासलं तरी त्वचेवर फोड येण्याच्या आजारात, त्वचेला सरळ दाब चालतो, घासणं चालत नाही. रक्त घेण्यासाठी हात धरायचा तर बोटं न सरकवता तळवा सपाट टेकव. दंडावर पट्टा बांधण्याआधी खाली मऊ गुंडाळी घे. चिकटपट्टी अजिबात नको, ईसीजीची चकती लावावीच लागली तर सिलिकॉनची. ऑक्सिमीटरही चिकटणारा नको, चिमट्याचा घे. फोड दिसला की निर्जंतुक सुईने खालच्या कडेला भोक पाडून पाणी काढतात, नाही तर तो पसरत जातो. वरची साल मात्र तशीच ठेवतात, तीच मलमपट्टीचं काम करते. हे आईला रोजचं आहे. तिच्याकडून एकदा हात धरून शिकून घे, मग तिच्यासमोर करून दाखव.

आता तुझा खरा प्रश्न, उपयोग काय. दुर्मिळ आजार ६,०००हून अधिक आहेत. युरोपात दहा हजारांत पाचांपेक्षा जास्त जणांना नसेल तो दुर्मिळ, अमेरिकेत देशभरात दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असतील तो. ते पाठ करणारं कुणी नाही आणि तशी अपेक्षाही नाही. आईला तिच्या मुलाचा आजार माहीत असतो. पण तिला माहीत असलेलं रात्री तीन वाजता, अनोळखी इस्पितळात, अनोळखी डॉक्टरला कुणी ऐकवत नाही. ती रडत असते, तिथला डॉक्टर हा आजार पहिल्यांदाच ऐकत असतो, आणि फाइल अडीचशे पानांची असते. तिचं ज्ञान त्या डॉक्टरपर्यंत तीस सेकंदांत पोहोचेल असं करून देणं, हे काम तुला आजही जमेल. त्यासाठी एक पान लागतं.

त्या पानावर सगळ्यात वर आजाराचं नाव आणि एका ओळीत अर्थ. लगेच त्याखाली 'हे करू नका'. बहुतेक जण हे शेवटी लिहितात आणि ते वाचलंच जात नाही. ड्यूशेनच्या मुलासाठी तिथे येईल: सक्सिनिलकोलीन (भूल देताना स्नायू सैल करणारं औषध) देऊ नका, स्नायू फुटून पोटॅशियम झपाट्याने वाढतं आणि हृदय थांबू शकतं, वायूची भूलही टाळा. स्टिरॉइड एकदम बंद करू नका; उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर शिरेतून द्या. ऑक्सिजन कमी दिसला म्हणून नुसता ऑक्सिजन लावून निघून जाऊ नका. हवा आत-बाहेर करणारे स्नायू दमलेले असतात, म्हणून बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र) आणि खोकला काढण्याची मदत लागते, आणि कार्बन डायऑक्साइड मोजावा लागतो. मांडीचं हाड मोडल्यावर काही तासांत धाप किंवा गोंधळ दिसला तर फॅट एम्बोलिझमचा (हाडातली चरबी रक्तातून जाऊन फुप्फुसात किंवा मेंदूत अडकण्याचा) विचार करा.

चयापचयाच्या आजारांत तर हे पान जीवच वाचवतं. एमसीएडी या चरबीपासून ऊर्जा बनवणाऱ्या एंझाइमची कमतरता असलेलं मूल उपाशी राहिलं, उलट्या झाल्या, की १० टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) लगेच सुरू करायचं असतं. 'रक्तातली साखर नॉर्मल आहे' म्हणून थांबलं की घात होतो, कारण साखर उतरते ती शेवटी. युरिया सायकलच्या आजारात, म्हणजे शरीरातल्या अमोनियाचा निचरा नीट होत नाही तेव्हा, अमोनियासाठी घेतलेला रक्ताचा नमुना बर्फावर ठेवून तातडीने प्रयोगशाळेत न्यावा लागतो. टेबलावर राहिला तर आकडा खोटा वाढतो, आणि पुढे खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

मग येते 'नेहमीची स्थिती'. बरा असताना ऑक्सिजन किती असतो, तो बोलतो की खुणेने सांगतो, दुखलं तर चेहरा कसा होतो, अन्न नळीने की तोंडाने. ड्यूशेनमध्ये एएलटी, एएसटी ही सहसा यकृताची समजली जाणारी एंझाइमं कायम वाढलेली असतात, ती स्नायूंतून येतात. हे लिहिलं नसेल तर यकृताच्या तपासण्यांची रांग लागते आणि एखाद्याची बायॉप्सीही होऊन जाते. हृदयाला इजा झाल्याचं दाखवणारा ट्रोपोनिनही मुलगा बरा असताना वाढलेला असू शकतो, म्हणून जुना आकडा तारखेसह लिही. त्यानंतर यंत्रं: बायपॅपचे आकडे, मास्कचा साइझ, 'स्वतःचं यंत्र सोबत आणतात, तेच लावा'. शेवटी फोन कुणाला करायचा, वजन, आणि पान लिहिल्याची तारीख.

चुका ठरलेल्या असतात. वजन दीड वर्षापूर्वीचं राहतं आणि त्यावर डोस काढला जातो. डोस मिलिलिटरमध्ये लिहितात पण औषध किती तीव्रतेचं ते लिहीत नाहीत. आपल्याच विभागाला कळतील अशी लघुरूपं वापरतात. एका पानाची चार पानं होतात. किंवा पान उत्तम असतं, पण घरच्या कपाटात. म्हणून एक प्रत शाळेत, एक आईच्या पर्समध्ये, एक फोनमध्ये फोटो काढून. दर सहा महिन्यांनी आणि प्रत्येक औषध बदलल्यावर नवी प्रत, जुनी फाडून टाकायची. तपासायची सोपी रीत: अस्थिरोग किंवा कान-नाक-घशाच्या पोस्टिंगवर असलेल्या मित्राला पान दे आणि विचार, "हा बेशुद्ध आला, पहिलं काय करशील?" अर्ध्या मिनिटात उत्तर सापडलं नाही तर पान पुन्हा लिही. डोस आणि 'करू नका'ची यादी मात्र तुझ्या वरिष्ठांनी तपासून सही केल्याशिवाय घरच्यांच्या हातात जाता कामा नये. यात सूट घेऊ नकोस.

ही माहिती शोधायला जीनरिव्ह्यूज हा जनुकीय आजारांचा ऑनलाइन संग्रह उघड आणि सरळ देखभालीच्या भागाकडे जा. कोणती औषधं आणि परिस्थिती टाळायची याचा मजकूर तिथे वेगळा असतो. ऑर्फानेट या दुर्मिळ आजारांच्या संकेतस्थळावर काही आजारांची आणीबाणीची मार्गदर्शक पत्रकं मिळतात. एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसं म्हण, पण वेळ देऊन: "या आजाराबद्दल मला नीट माहीत नाही. आज वाचते आणि उद्या दहाला येते." आणि दहाला जा. उत्तर सापडलं नसेल तरी जा. ही कुटुंबं निदानासाठी अनेकदा वर्षानुवर्षं फिरलेली असतात, आणि 'बघून सांगतो' म्हणून न परतलेले डॉक्टर त्यांनी बरेच पाहिलेले असतात.

एक गोष्ट आम्हाला फार लागते, म्हणून जरा कडक शब्दांत सांगतो. गॉवर्सची खूण बघायला दहा विद्यार्थी एका मुलाला दहा वेळा जमिनीवरून उठवतात. थकलेल्या स्नायूंना हे सोसत नाही आणि मुलाला लाज वाटते. परवानगी मुलाकडूनही घे, एकदाच बघ, आणि त्याला नको असेल तर राहू दे. त्याच पलंगाजवळ उभं राहून 'सरासरी आयुर्मान' म्हणू नकोस. नऊ वर्षांच्या मुलाला ते शब्द कळतात. आत जाण्याआधी आईला बाहेर विचार, "त्याला आजाराबद्दल काय माहीत आहे? घरी तुम्ही कोणता शब्द वापरता?" मग तोच शब्द वापर. आणि दुर्मिळ आजाराच्या रुग्णाचा फोटो किंवा केस मित्रांच्या ग्रुपवर टाकू नकोस; नाव झाकलं तरी आजारावरूनच तो कोण ते कळतं.

'आता काही करता येणार नाही' हे वाक्य तोंडातून जाऊच देऊ नकोस. ते खरंही नसतं. बहुतेक दुर्मिळ आजारांवर मुळावर घाव घालणारं औषध आज नाही, हे सांगावंच लागतं. पण त्याला जोडून सांग: "श्वास, हृदय, हाडं, दुखणं, झोप यांत करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं हे आपण या आठवड्यात सुरू करू." ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये हॉस्पिस (बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या देखभालीचं केंद्र) उभं केलं, वेदना शरीराची, मनाची, घरची आणि श्रद्धेची एकत्रच असते, ही त्यांची शिकवण. वेदनाशामक देखभाल शेवटच्या आठवड्यापुरती राखून ठेवायची नसते, निदानाच्या दिवसापासून ती उपचारांच्या सोबत चालू शकते. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून वेदना खोटी ठरवू नकोस. तीव्र पोर्फायरियात (रक्तातलं हीम बनवण्याच्या प्रक्रियेतल्या दोषामुळे होणारा आजार) पोट मऊ लागतं, सोनोग्राफी स्वच्छ येते, आणि दुखणं मॉर्फिन लागावं इतकं असतं. लघवीचा नमुना उजेडापासून झाकून पाठवला आणि त्यातलं पोर्फोबिलिनोजेन हे या आजारात साठणारं द्रव्य मोजलं की निदान होतं. ते होईपर्यंत कित्येकांना 'नाटकी' हा शिक्का बसलेला असतो.

घरच्यांकडे वळताना तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढ, पण आईसमोर 'आईकडून आलेला दोष' असं म्हणू नकोस. ड्यूशेनच्या सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये बदल नव्याने झालेला असतो, आई वाहक नसतेच. तिची तपासणी निर्दोष आली तरी पुढच्या गरोदरपणातला धोका पूर्ण शून्य होत नाही, कारण बदल आईच्या फक्त काही बीजपेशींत असू शकतो. हे समुपदेशकाकडून नीट समजावून घ्यायला हवं. आणि ती वाहक असेल तर तिच्या स्वतःच्या हृदयाची तपासणी दर तीन ते पाच वर्षांनी व्हायला हवी. मुलाचा इको वेळेवर होतो, तिचा कधीच होत नाही. तू विचारलंस तर कदाचित पहिल्यांदाच कुणीतरी विचारलेलं असेल. ऑटोसोमल रिसेसिव्ह आजारात, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणाऱ्या आजारात, 'चारांत एक' याचा अर्थ घरच्यांना बहुधा 'एक झालं, पुढची तीन सुटली' असा लागतो. धोका प्रत्येक गरोदरपणात नव्याने २५ टक्के असतो, हे कागदावर काढून दाखव. जनुकीय अहवालात 'अर्थ अनिश्चित' असा बदल आला असेल तर तेच कारण आहे असं बोलून बसू नकोस. त्यावरून उपचार ठरत नाहीत, आणि वर्ष-दोन वर्षांनी त्याचा पुन्हा अर्थ लावून घ्यावा लागतो.

भावंडांना विसरू नकोस. त्यांना एकच विचार: "तुला या सगळ्याबद्दल काही विचारायचं आहे का?" बऱ्याचदा उत्तर असतं, मलाही हे होणार का.

हे सगळं एका पोस्टिंगमध्ये बसत नाही. म्हणून एक कुटुंब निवड आणि त्यांच्या संमतीने वर्षभर त्यांच्यासोबत राहा. महिन्यातून एकदा भेट किंवा फोन, दर तीन महिन्यांनी चोवीस तासांचा नवा कागद. एकदा त्यांच्याबरोबर दिवसभर ओपीडीच्या रांगांत बस, सकाळी घरून निघण्यापासून परत पोहोचेपर्यंत. किती खिडक्या, किती वेळा तीच हिस्ट्री सांगावी लागली, व्हीलचेअर कुठे अडली, मूल किती तास उपाशी राहिलं ते लिही. मग एका दिवसात दोन तपासण्या बसवता येतील का हे वरिष्ठांना विचार. तू काय करू शकतेस आणि काय नाही, हे मात्र सुरुवातीलाच सांगून ठेव: तू औषध बदलत नाहीस, रात्रीच्या आणीबाणीचा फोन तुझा नाही, आणि वर्ष संपल्यावर तुझ्या जागी कुणाशी बोलायचं. वर्ष संपताना न सांगता नाहीशी होऊ नकोस.

त्या मुलाला अजून डिस्चार्ज मिळाला नसेल तर उद्याच कोरा कागद घेऊन जा. खुर्ची ओढून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बस. आईला विचारायला अर्धा तास आहेच. पहिला प्रश्न त्याला: "काल तू काय काय केलंस?"